कणकेनं काढलेली बेअरिंग

अहो, सरांचं इंजिन काल गेलं. बेअरिंग निघाली. हे तुम्हाला सांगायचं तर कुठं सांगू, म्हणून पोरीची अकरावीची जुनी वही काढली. पुढची पानं तिच्या अक्षरानं भरली आहेत, मागची कोरी आहेत. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चौथीत होतं तसंच राहिलं, ओळीवर बसत नाही. पण हे कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा नाही बसलं तरी चालेल.

घरात आता कुणी नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. पोरगी दोन दिवस जास्त राहिली आणि नांदेडला गेली. जाताना म्हणाली, "आई, महिना झाला की तू बी चल. इथं एकटीनं काय करशील?" मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हिचं उत्तर पोस्टानं येतंय, आठ दिवस थांब."

मोरीतला साबण अजून काळा आहे. त्यावर तुमच्या हाताचं ग्रीस आहे. मी त्या साबणाला हात लावत नाही आणि तो टाकतही नाही. नवी वडी शेजारी ठेवली आहे. गल्लीत आवाजाला काही कमी नाही. उजाडल्यापासून क्लासची पोरं सायकलींवरून जातात, समोरच्या होस्टेलात बादल्या वाजतात. पण पुढच्या पत्र्याच्या शेडमधून "ऐकलीस का, पाणी ठेव" हे काही येत नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री चहा सांगायलेत. चहा कसला. पाणी ठेव म्हणजे बेअरिंग आली आहे, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या सोमवारी तुम्ही सरांच्या गाडीचं इंजिन उघडलं. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे आपले चष्म्याचे सर. मोटारसायकल त्यांच्या वडिलांची, म्हणून इतकी जुनी झाली तरी विकत नव्हते. तुम्ही इंजिनचा अर्धा भाग आत आणून माझ्या ओट्यावर ठेवला. मी रागावले, तुम्ही नेहमीसारखं ऐकलं नाही. आत एका खड्ड्यात बेअरिंग रुतलेली होती.

"बघ, हिला मागून वाटच न्हाई," तुम्ही म्हणाला. "चाकाच्या बेअरिंगला पलीकडून दांडी घालून ठोकता येतंय. ही बंद खोलीत बसलीय. उद्याची कणीक जरा घट्ट मळ."

आपलं शेवटचं बोलणं काही हे नव्हतं. शेवटचं बोलणं रात्रीच्या भाजीतल्या मिठाबद्दल होतं. पण मी मनात कणकेचंच धरलं आहे. मीठ कमी पडलं होतं ते पडलं होतं, त्यात काय धरून ठेवायचं. मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, कणीक मळली गेली नाही.

कणकेची ही तऱ्हा तुम्ही उदगीरहून आणली होती, तुमच्या उस्तादांकडून. बेअरिंगच्या मधल्या भोकात कणीक गच्च भरायची, भोकात बरोबर बसेल अशी लोखंडी दांडी वर ठेवायची आणि हातोडी मारायची. कणकेला बाहेर यायला जागा नसते, मग ती खाली जाते, मागून फिरते आणि बेअरिंगला तळातून वर उचलते. ग्रीस भरलं तर ते छऱ्यांच्या फटींतून निसटतं. कणीक चिवट असते, अडून बसते.

पहिल्यांदा तुम्ही परातीतून गोळा उचललात तेव्हा मी भांडले होते.

"अन्न हाय ते!"

"अन्न हाय म्हणूनच जोर हाय त्यात."

आणि गोळ्यावरचे माझ्या बोटांचे ठसे तुम्ही अंगठ्यानं मिटवायला लागलात, तेव्हा मी गोळा हिसकावून घेतला. आईनं मला पहिली कणीक मळायला शिकवली तेव्हाच सांगितलं होतं, मळून झाली की गोळ्यावर चार बोटं उमटवायची. गुळगुळीत गोळा ठेवायचा नाही, तो मेलेल्या माणसाचा असतो. तुम्ही हसलात. "आगं, इंजिनला काय पिंड घालायलोय का मी? बोटाच्या खड्ड्यात हवा राहती, म्हणून मिटवायलोय." मी पुन्हा बोटं उमटवली, तुम्ही पुन्हा मिटवली. पुढं ती रीतच पडली. मी उमटवायची, तुम्ही मिटवायची.

भूकंपाबद्दल आपण फार बोललो नाही. लोक अजून बोलतात, तुम्ही विषय निघाला की उठून जायचात. पण बेअरिंगवरून भांडण झालं की तो मध्ये यायचाच. त्या पहाटे दगडामातीच्या भिंतीखाली तुमचा उजवा हात खांद्यापर्यंत होता. हाताशी काही नव्हतं. दाराचा अडसर तेवढा माझ्या पायाशी पडलेला. तो दगडाखाली घालून मी जोर लावला की दगड दुसऱ्या बाजूनं आणखी रुतायचा. मग मी एका बाजूनं थोडा हलवला, समोरून थोडा, पुन्हा इकडून थोडा. तुम्ही ओरडत नव्हता. उलट मलाच म्हणत होता, "दम खा. घाई करू नको. दम खा." हात निघाला, राहिला, पण मनगटातला जोर गेला. पाना धरता यायचा, हातोडी धरता यायची नाही. मिस्त्री माणसाला हातोडी धरता येऊ नये, हे कुणाला सांगणार?

लातूरला येऊन शेड टाकलं तेव्हा तुम्ही डाव्या हातानं ठोकून बघितलं. पहिल्याच चाकाला अंगठा ठेचला. गिऱ्हाईक बाहेर उभं, तुम्ही चाक घेऊन आत आलात आणि अंगठा तोंडात धरून चुलीपाशी बसलात. मी पातेलं उतरवलं. हातोडी घेतली.

"कोण बघतंय का?" मी विचारलं.

"देव बघतोय. त्याला हातोडीतलं काय कळतंय?"

मग पडदा लावला. तो पडदा एकदाच लावला तो अजून आहे.

माझं शिक्षण तिथं झालं, चुलीपाशी. चाकाच्या मधल्या भागावर उकळतं पाणी ओतायचं, खाली घमेलं ठेवायचं, म्हणजे तेच पाणी पुन्हा तापवता येतं. लातुरात पाणी फेकून देतो कोण? दोन बेअरिंगांच्या मधला पाइप जरा एका बाजूला सरकवायचा म्हणजे बेअरिंगची कड दिसते. त्या कडेवर दांडी टेकवायची, एक ठोका इकडे, एक समोर. एकाच बाजूनं मारलं की ती तिरकी होऊन अडकते. तुम्ही पाटावर बसून चहा पीत सांगायचात, "आता समोर. आता समोर." नवी बसवताना तिच्या बाहेरच्या कडीवरच मारायचं, आतल्या कडीवर मारलं तर मार छऱ्यांना लागतो आणि नवीच वाया जाते. म्हणून जुनी बेअरिंग वर ठेवायची आणि तिनं मार खायचा. बसली की आवाज बदलतो. पोकळ वाजत असतं ते एकदम भरीव वाजतं. तो आवाज माझ्या कानाला तुमच्या आधी कळायला लागला. मी हातोडी खाली ठेवली की तुम्ही म्हणायचात, "झाली?" मी मान हलवायची. तुम्ही चाक उचलून बाहेर जायचात आणि मोठ्यानं म्हणायचात, "घ्या साहेब, लोण्यासारखं फिरतंय."

एकदा माझ्या हातून ती चूक झाली. आठवते ना? दोन्ही बेअरिंग बसवल्या आणि त्यांच्यामधला पाइप आत घालायचाच राहिला. तो परातीखाली होता. पाहुणे आले म्हणून मी वरून परात पालथी घातली होती. दुसरं कुठलं गॅरेज असतं तर पाइप बाकावर दिसला असता, आपल्या गॅरेजात तो पोळपाटाशेजारी होता. बाहेर तुम्ही नट आवळायला घेतला आणि चाक जागच्या जागी आवळून बसलं. त्या गिऱ्हाइकानं तुम्हाला काय काय ऐकवलं! "मिस्त्री, सकाळी सकाळीच चढवली का? ह्याला गॅरेज म्हणायचं का चेष्टा?" तुम्ही म्हणाला, "हाव, माझीच चूक झाली. ध्यान दुसरीकडं होतं." मी पडद्याआड उभी होते. पायाचा अंगठा जमिनीत रुतवून उभी होते.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवताना म्हणालात, "शाबासकी बी मलाच, शिव्या बी मलाच. तुला काय ऱ्हायलं?"

"मला काही नको."

"मला सांगू दे की लोकांना. त्यात लाज कशाची? दगडाखालून नवऱ्याला काढला तवा लाजलीस का?"

"तवा कुणी बघत नव्हतं."

"आता बघितलं तर काय होतंय?"

चारजण माझ्याकडे बघायला लागले की माझे हात माझे राहत नाहीत. शाळेत बाई फळ्यापाशी बोलवायच्या, तेव्हा येत असलेलं गणित चुकायचं. ठोके चुकतील ही भीती होती. पण तुम्हाला मी तसं नाही सांगितलं. मी म्हटलं, "माझी आण हाय तुम्हाला. कुणाला सांगाल तर." तुम्ही ताटात हात धुतला आणि आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत.

पुलरचं पण तसंच. नांदेडहून येताना तुम्ही साडीचं खोकं आणलं. मी हात धुऊन, पुसून खोकं उघडलं, तर आत तीन पायांचं लोखंड. बेअरिंगला आतून पकडून ओढून काढायचं यंत्र. "तुझ्या हाताला आराम," तुम्ही म्हणाला. तोंडावर केवढं समाधान! मी म्हटलं, "साडीचं खोकं कशाला मग?" तुम्ही म्हणाला, "बसमध्ये कुणी विचारलं तर सांगाया बरं." तेव्हा मी रुसले. साडी नव्हती म्हणून रुसले असं तुम्हाला वाटलं. तसं नव्हतं. सगळी बस तुम्हाला विचारत होती, आणि माझ्यासाठी तुम्हाला लपवावं लागत होतं, हे मला त्या खोक्यात दिसलं. हे मी बोलायला पाहिजे होतं. वापरला मी तो पुलर, चांगला आहे. हेही मी कधी बोलले नाही.

सर यायला लागले तेव्हा मला आवडायचं. ते बाहेर स्टुलावर बसून तुम्हाला समजावून सांगायचे, मी आतून ऐकायची. "मिस्त्री, चाकाचा हा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. तापला की तो लोखंडापेक्षा जास्त फुगतो. बेअरिंग तेवढी फुगत नाही, म्हणून सैल होते." इतकी वर्षं मी उकळतं पाणी ओतत होते, ते कशासाठी, हे मला पडद्याआड कळलं. मला विचारायचं होतं, मग नवी बेअरिंग आपण बर्फात ठेवतो ती किती आकसते? पोरीला म्हटलं, तू विचार. तिनं नाही विचारलं. एकदा तुम्ही दोघं हळू आवाजात बोलत होता आणि हसत होता. मी पडद्याशी आले तर गप्प झालात. मला वाटलं, पुरुषांचं काहीतरी असेल.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, एक पण खाली येईना. तुमच्या भावानं हात जोडले. "दादा, पोरीला अंतर देणार न्हाई." कावळा आला नाही. "वहिनीला नांदेडला नीट पोचवतो, काळजी करू नको." नाही. "शेड मोकळं करतो, हत्यारं चांगल्या माणसाला देतो." बाभळीवरून एक कावळा उडाला तो उलट पलीकडे गेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बायका मागे उन्हात बसल्या होत्या. एक म्हणाली, "काय ऱ्हायलंय ह्याचं मनात?"

मला ठाऊक होतं. निदान मला वाटलं की मला ठाऊक आहे. एवढंच म्हणायचं होतं, "मी सांगते लोकांना. बेअरिंग मीच काढत होते." पंचवीस-तीस पुरुष तिथं उभे. सर पण पँट दुमडून पाण्याच्या कडेला उभे होते. शब्द माझ्या दातांपर्यंत आले. मी पिंडाकडे बघत होते. गुळगुळीत होता, एका बोटाचा ठसा नव्हता. मी काही बोलले नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. सगळे सुटल्यासारखे उठले. तुम्हाला मी दर्भाच्या कावळ्यावर वाटेला लावलं, ही गोष्ट मला जेवू देत नव्हती.

परवा तुमच्या भावाचा निरोप आला. रविवारी तो माणूस घेऊन येणार, हत्यारं बघायला. आणि सर काल संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होते, इंजिन मोठ्या गॅरेजला न्यायला. मोठं गॅरेज कसं काढतं ते मला तुम्हीच सांगितलं होतं. बंद खड्ड्यातली बेअरिंग निघाली नाही की सगळा भागच बदला म्हणतात. त्या जुन्या गाडीचा भाग आता मिळणार कुठून? सरांच्या वडिलांची गाडी गेली असती. मी दिवसभर त्या इंजिनाभोवती फिरत राहिले. काल दुपारी परात घेतली.

आधी पुलर लावून बघितला. बेअरिंगच्या मागं त्याच्या पायांना शिरायला जागाच नव्हती. तुम्ही सोमवारी एका नजरेत बघितलं होतं ते. मग उकळत्या पाण्यात फडकी बुडवून भोवती गुंडाळली. कणीक भरली, दांडी ठेवली, हातोडी मारली. कणीक दांडीच्या कडेनं पिचकन वर आली आणि माझ्या तोंडावर उडाली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मी खाली बसले. वाटलं, हे काम तुमच्या बसण्यातच होतं. पाटावर कुणी बसलेलं नाही, म्हणून होत नाही.

मग आठवलं. घट्ट मळ, तुम्ही म्हणाला होता.

मी पोळीची मऊ कणीक मळली होती. हाताला तीच सवय. मऊ कणकेला दांडीच्या कडेची वाटच सोपी पडत होती. मी कोरडं पीठ घेतलं आणि मनगटं दुखेपर्यंत मळत राहिले. गोळा झाला तशी बोटं आपोआप उमटली. मी त्या चार खड्ड्यांकडे बघत बसले. मिटवायला तुम्ही नव्हता. शेवटी माझ्याच अंगठ्यानं मिटवले. तेव्हा रडले. तुम्ही गेल्यावर माणसांत रडले होते, ते वेगळं होतं.

पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. आधी बंद दारावर मारल्यासारखा होता, तो जरा सैल झाला. बेअरिंग केसभर वर आली होती. आणखी कणीक भरली, आणखी ठोकलं. "दम खा," मी मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज ऐकून दचकले. बेअरिंग वर आली तशी अलगद आली, तळहातावर घेता आली. पाठीला कणीक चिकटलेली, काळी झालेली. मी खड्डा रॉकेलनं तीनदा पुसला. कणकेचा एक कण आत राहिला तर पुढं त्रास देतो. नवी बेअरिंग फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात होती. सोमवारी तुम्हीच ठेवलेली. मधल्या सगळ्या दिवसांत पाहुण्यांनी बर्फ काढला असेल, तिला कुणी हलवलं नव्हतं. कागदावर तुमच्या बोटाचा काळा ठसा होता. कागद मी ठेवला आहे. बेअरिंग बसवली. भरीव वाजली.

संध्याकाळी सर आले. टेम्पोवाल्याला बाहेर थांबवून त्यांनी हाक मारली, "काकू, इंजिन घेऊन जातो. बाकी सगळं ठीक आहे ना?"

मी पडद्याआड होते. नेहमी मी आतूनच "हो" म्हणते, पोरगी घरी असली की तेही तिच्याकडून. पोरगी नव्हती. मी पडदा बाजूला केला. जुनी बेअरिंग माझ्या हातात होती, हाताला कणीक लागलेली.

"निघाली," मी म्हटलं.

"काय निघाली?"

मी हात पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं. "अरे! कोणी काढली?"

नदीवर होतं तसंच झालं. शब्द दातांपर्यंत आले. टेम्पोवाला पण बघत होता.

"मी," मी म्हटलं. आणि मग थांबता येईना. "ही मीच काढली. आधीच्या बी मीच काढल्या. तुमच्या चाकाच्या दोन्ही. सगळ्यांच्याच. त्यांचा हात चालत नव्हता. त्यांनी कुणाला फसवलं न्हाई, मीच सांगू दिलं न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, चिडले. मग ते स्टुलावर बसले, तुमच्या नाही, त्यांच्या नेहमीच्या.

"काकू," ते म्हणाले, "ठाऊक हाय मला."

"काय?"

"मिस्त्रींनी सांगितलं होतं. लई वर्षं झाली. वर मला आण घातली, की तिला कळू देऊ नका तुम्हाला कळलंय ते." मग ते जरा ओशाळले. "अन् खरं सांगू? दाबाचा धडा आला की मी वर्गात तुमचंच उदाहरण देतो. बंद जागेतल्या पदार्थाला एका बाजूनं दाबलं की तो सगळ्या बाजूंनी ढकलतो. म्हणतो, आपल्या लातुरात एक काकू आहेत, त्या कणकेनं बेअरिंग काढतात. दोनशे पोरं असतात एका बॅचला. नाव नाही सांगत. पण पोरं हुशार असतात."

टेम्पोवाला बाहेरून म्हणाला, "सर, ह्या त्याच काकू का? माझा पुतण्या सांगत होता."

"पार्टच्या दुकानदाराला बी ठाऊक हाय," सर म्हणाले. "आण त्याला बी घातलेली."

मी दाराची चौकट धरली. इतकी वर्षं मी ठोका हळू मारत होते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. समोरच्या होस्टेलातली पोरं माझ्याकडे बघून बाजूला सरायची, मला वाटायचं वयाचा मान ठेवतात. पार्टवाला पिशवी माझ्या हातात देताना "नीट बसेल बघा" म्हणायचा, मला वाटायचं तुमच्यासाठी निरोप आहे. सगळ्या गल्लीनं मिळून पडदा धरला होता, आणि मी एकटीच आत उभी होते.

सरांनी इंजिन नेलं. जोडणी दुसरा मिस्त्री करेल, ती मला येत नाही. जाताना म्हणाले, "बेअरिंगची कामं इकडंच पाठवतो. हाक कुणाला मारायची तेवढं सांगा." मी म्हटलं, "मलाच मारा."

आता मला सांगा. सगळ्यांना तुम्ही सांगून टाकलं होतं, मग नदीवर कावळा कशासाठी थांबला होता? लोकांना कळावं एवढंच पाहिजे असतं, तर ते तुम्हाला कधीच मिळालं होतं. मी माझ्या तोंडानं म्हणावं, यासाठी तुम्ही बसून होता का त्या बाभळीवर? म्हटलं हो मी. आठ दिवस उशिरा म्हटलं. तुम्हाला कळलं का नाही, ते कोण सांगणार?

तुमच्या भावाला आज निरोप दिला, रविवारी येऊ नका, हत्यारं लागणार आहेत. पोरीला फोन केला. ती म्हणाली, "मग तू येणार कधी?" मी म्हटलं, सांगते. ती म्हणाली, "पोस्टानं सांगशील." अगदी तुमच्यासारखं म्हणाली. फोन ठेवल्यावर घर पुन्हा तसंच झालं. पाट भिंतीला उभा आहे. तो मी आडवा घालत नाही.

पण एक सांगते, मी रागावले आहे. माझी आण तुम्ही मोडली. एकदा नाही, गल्लीभर मोडली, आणि वर लोकांना आण घालत सुटला. याचं भांडण व्हायला पाहिजे होतं, चांगलं आठ दिवसांचं. ते तुम्ही न करताच गेलात. हा एवढा राग घेऊन मी पोरीच्या घरी कशी जाऊ? तो इथलाच आहे, या चुलीपाशी बसून काढायचा. निघेल तेव्हा निघेल. घाई नाही. मी दम खाते आहे.